इसोदाच्या तळ्यातली वाळू

१

पेजेच्या भांड्यावरचं झाकण खडखडलं आणि कितीतरी वेळानं निवांत झालेलं घर दचकलं. चिगुसानं धावत जाऊन आच बारीक केली, झाकण तिरकं ठेवलं आणि मागे वळून पाहिलं. साया झोपलेलीच होती. चार वर्षांची पोर. गालांवरची तापाची लाली अजून उतरली नव्हती, पण कपाळ गार लागत होतं. शुक्रवारी दुपारी बालवाडीतून फोन आला, चिगुसा तिला घरी घेऊन आली, आणि तेव्हापासून ती या दोन खोल्यांबाहेर पडली नव्हती. नवरा नोकरीपायी दूर होक्काइदोला. कपाळावरच्या ओल्या फडक्यापासून पेजेपर्यंत सगळं तिचं तिलाच.

ओट्यावरचा फोन थरथरला.

"हातानोबाई, मी हामुरो, कचेरीतून. बसलेल्या आहात ना?"

"पेज ढवळतेय. बोला."

"इसोदाची नळी जागेवर नाही."

चिगुसाच्या हातातला डाव थांबला.

इसोदा हे उपसागराकाठचं गाव. गावामागे, समुद्रापासून बरंच आत, एक तळं आहे. त्या तळ्याच्या तळात चिगुसानं गेल्या उन्हाळ्यात लांब नळी ठोकून चिखल वर काढला होता. वर्षानुवर्षांचा गाळ, थरावर थर. नळी उभी चिरून दोन भाग करायचे, एक कापून तपासायचा आणि दुसरा पुरावा म्हणून हात न लावता जपायचा, ही तिच्या विद्येची रीत. तपासायचा भाग संपला होता. जपलेल्या भागात, काळ्या चिखलाच्या मधोमध, बोटभर जाडीचा एक फिकट पट्टा होता. समुद्राची वाळू, शिंपल्यांच्या चुऱ्यासकट. म्हणजे कधीतरी समुद्र उठून तिथवर आला होता. आणि आजच्या इसोदाची निम्मी घरं त्या तळ्याच्याही खाली, समुद्राच्या बाजूला होती.

"नीट पाहिलंत?"

"मिनेगिशीसर सकाळीच नळी बघायला आले होते, म्हणून मी शीतखोली उघडली. फळीवर नुसती जागा. सगळ्या फळ्या धुंडाळल्या." हामुरोबाईंचा आवाज आणखी खाली आला. "बाई, रागावू नका, पण इथे सगळे म्हणताहेत, शुक्रवारी मुलीच्या तापाच्या गडबडीत तुमच्या हातून ती टाकाऊ गाळाबरोबर..."

"कोण सगळे?"

"सगळे म्हणजे... सगळे."

"हामुरोबाई, मुलीला ताप आला की आईचे हात गळून पडत नाहीत. मी नळी गुंडाळली, फळीवर ठेवली, कुलूप लावलं आणि मग धावले. येतेच मी."

२

सायाला शेजारच्या नेमोतोआजींकडे ठेवून चिगुसा विद्यापीठात पोचली. शीतखोलीत पाऊल टाकताच चष्म्यावर धुकं चढलं. फळ्यांवर नळ्या ओळीनं निजलेल्या. तिच्या फळीवर मधोमध मोकळी जागा, दुधाचा दात पडल्यावर दिसते तशी.

सगळ्यात खाली, राखाडी पडद्यामागे, त्सुकुदासरांची फळी. विभागप्रमुखांनी तरुणपणापासून गोळा केलेल्या नळ्या तिथे होत्या. त्या फळीला कुणी हात लावत नसे. तसा नियम कुठेच नव्हता. तो पडदा बाजूला करावा असं कुणाच्या मनातच यायचं नाही.

चिगुसा गुडघ्यांवर बसून फरशी बघू लागली. दाराजवळ, फळीच्या पायाला चिकटलेलं काहीतरी हिरवं. तिनं नखानं सोडवलं. प्लास्टिकचं गवताचं पातं. डब्यात भात आणि माशाच्या मधे खोचतात तसलं.

"डबा?" ती स्वतःशीच म्हणाली. "इथे?"

"हातानोबाई." दारात मिनेगिशी उभे होते. जुन्या सणांचा आणि लोकरीतींचा अभ्यास करणारा, कायम विस्कटलेल्या केसांचा माणूस. इसोदाचे लोक दर शरद ऋतूत तान्ही पोरं काखेत मारून टेकडीवरच्या देवळाकडे पळत सुटतात, आणि का पळायचं ते त्यांच्यापैकी कुणालाच ठाऊक नाही, यावर त्यांनी अर्धं आयुष्य घालवलं होतं. "मी तुमच्यावर संशय घेतलेला नाही."

"उपकार. तुमच्यावर मी घेऊ का?"

"घ्या की. पण मला किल्ली कोण देतंय? शिवाय शनिवार-रविवार मी इसोदात ढोल वाजवत होतो. सणाची तालीम. सबंध गाव साक्षीला आहे, आणि किती वाईट वाजवला त्यालाही." ते हसले आणि लगेच गंभीर झाले. "ते का पळतात याचं उत्तर त्या वाळूत होतं, बाई. मी कशाला चोरू?"

ते खरंच होतं. किल्ल्या तीनच. एक चिगुसाकडे, एक त्सुकुदासरांकडे, एक कचेरीत.

३

दुपारी त्सुकुदासर आले. हातात प्रवासाची पिशवी, चेहऱ्यावर नेहमीचं मऊ हसू. कानाझावाच्या परिषदेहून थेट येत होते. हामुरोबाईंनी दारातच बातमी सांगितली. ते क्षणभर डोळे मिटून उभे राहिले, आणि मग पिशवीतून मिठाईचा खोका काढला. परगावाहून रिकाम्या हातांनी परतायचं नाही, ही रीत त्यांनी एकदाही मोडली नव्हती.

"आधी तोंड गोड करा. मोची आहे, तांदळाची, आत लाल पुरण. आज सकाळी दुकान उघडल्या उघडल्या घेतली आणि तशीच गाडी पकडली. ताजी आहे तोवर खा."

चहा झाला. सगळ्यांनी तोंड भरून कौतुक केलं. "किती मऊ!" हामुरोबाई म्हणाल्या. "कानाझावाची गोष्टच वेगळी," सहप्राध्यापक नारुसे म्हणाले आणि बराच वेळ चावत राहिले. चिगुसाच्या घशाखाली काही उतरण्यासारखं नव्हतं. तिनं आपला वाटा रुमालात बांधला.

सरांनी तिला आपल्या खोलीत बोलावलं.

"चिगुसाबाई, मी तुम्हाला विद्यार्थिनी असल्यापासून ओळखतो. उद्या सकाळी विभागाची बैठक घेतो. उभ्या राहा, मान लववा, 'माझ्या निष्काळजीपणामुळे' एवढंच म्हणा. विषय तिथेच संपेल. तुमचा करार मार्चमध्ये संपतोय ना? मी निवृत्त होण्याआधी कायमच्या जागेसाठी शब्द टाकून जाईन."

"पण सर, मी निष्काळजीपणा केलेलाच नाही."

"माफी मागायला चूक केलेली असावीच लागते असं थोडंच आहे? चार माणसांत वावरायचं म्हणजे कुणालातरी वाकावं लागतं."

"मग नेहमी तेच ते का वाकतात?"

सर हसले. पाहुण्यांच्या पोरानं पाणी सांडलं की मोठी माणसं हसतात तसं. "चोरीची तक्रार वगैरे मनात आणू नका. विद्यापीठाचं नाव जाईल. आणि आईपणात अशा चुका होतात, लोक समजून घेतील."

चिगुसानं ओठ आवळले. ओरडणं सोपं होतं. "आईपणात मी काय काय शिकले ते उद्या सांगते, सर," ती म्हणाली आणि बाहेर पडली.

४

नारुसे आपल्या खोलीत कागद चाळत बसले होते. उंच, टापटीप, बोलण्यात सुरी. इसोदाच्या किनाऱ्याला धोका नाही असं त्यांनी दोन वर्षांपूर्वी लिहिलं होतं. वाळू खरी ठरली तर ते लिखाण खोटं पडणार, हे सगळ्या विभागाला ठाऊक होतं.

चिगुसानं हिरवं पातं त्यांच्या टेबलावर ठेवलं.

"हे काय?"

"शीतखोलीत उगवलेलं गवत."

नारुसेंचे कान लाल झाले. "मी तिकडे फिरकलोही नाही."

"काल इमारतीत भाषेची परीक्षा होती. तुम्ही प्रमुख पर्यवेक्षक. कचेरीची किल्ली तुम्ही घेतली होतीत, हामुरोबाईंनी सांगितलं. नारुसेसर, मी नळीबद्दल विचारत नाही. डब्यांबद्दल विचारतेय."

नारुसेंनी चष्मा काढून डोळे चोळले.

"पर्यवेक्षकांचे डबे होते. उकडत होतं. मासे नासले असते. नमुन्यांच्या खोलीत जेवण ठेवलं हे बाहेर फुटलं तर माझं तोंड कुणाला दाखवू? विद्यार्थ्यांना मीच त्यावरून झापतो."

"झापता कसले, रडवता."

"बरं, रडवतो. सूड घ्या आता."

"सूड नको, उत्तर हवंय. नळी तिथे होती?"

"होती. सकाळी डबे ठेवले तेव्हा होती, जेवणाच्या सुट्टीत काढले तेव्हाही होती. तुमच्या फळीला हात लागू नये म्हणून डबे खाली मांडत होतो. त्यानंतर लगेच किल्ली हामुरोबाईंना दिली. त्या ती गळ्यात घालून घरी गेल्या. पुढे संध्याकाळपर्यंत मी परीक्षेच्या दालनातून हललो नाही. शेकडो डोळे माझ्यावर होते."

म्हणजे शुक्रवारचं बालंट तिथेच गळून पडलं. चिगुसाला एकदम श्वास घेता आला.

"आणि इमारतीतून बाहेर काही नेता आलं असतं?"

"छे! दारांवर परीक्षा घेणाऱ्यांचे पहारेकरी होते. बाहेरगावची माणसं, आपल्यातल्या कुणाला ओळखत नव्हती. ओळखपत्र दाखवलं की आत सोडत. पण बाहेर पडताना हातातली टाचणीसुद्धा बघत, प्रश्नपत्रिका फुटू नयेत म्हणून. आज सकाळी पेट्या गेल्या तेव्हाच ते हलले." नारुसे थांबले. "तुमच्या वाळूनं माझं नाक कापलं जाणार आहे, हातानोबाई. मला ती आवडत नाही. पण मी ती लेखणीनं खोडून काढेन, चोरून नव्हे."

"पत्ते उघडे ठेवून भांडणार?"

"अगदी कडाडून."

"ठरलं," चिगुसा म्हणाली. गेल्या चार दिवसांत ती पहिल्यांदाच हसली.

५

संध्याकाळी साया गादीवर बसून खाऊ मागत होती. भूक परतली होती म्हणजे ताप गेला होता. चिगुसाला रुमालातली मोची आठवली. पोरीच्या घशात अडकू नये म्हणून तिनं बारीक तुकडे करायला घेतले. सुरी अडखळली. तिनं जोर दिला. एक कण सायाच्या हातावर ठेवला. सायानं तो चावला, थुंकला आणि आईकडे अविश्वासानं पाहिलं.

"आई, हा दगड आहे!"

"असं म्हणू नये गं, सरांनी प्रेमानं आणलंय."

"सरांनी दगड आणलाय."

चिगुसा हसायला गेली आणि हसू अर्ध्यावरच राहिलं.

तांदळाची ताजी मोची. करतात पहाटे, संपवायची त्याच दिवशी. संध्याकाळपर्यंत ती लोण्यासारखी राहते. रात्र उलटली, त्यात गारठ्यात ठेवली, की कडक होते. आज सकाळी घेतलेली मोची आज संध्याकाळी दगड होत नाही.

दुपारी सगळे म्हणाले होते, किती मऊ. कुणीही तसंच म्हणालं असतं. प्रमुखांनी आणलेल्या मिठाईला कडक म्हणायची हिंमत त्या विभागात फक्त साया करू शकली असती, आणि ती तिथे नव्हती.

चिगुसानं नारुसेंना फोन लावला. "तुमची मोची मऊ होती?"

"माझी दाढ हलली. पण सर समोर होते."

वेष्टनावर दुकानाचा नंबर होता. फोनवर एक म्हातारा आवाज आला. "ती मोची? रविवारी सकाळीच संपली, बाई. आज कशी मिळेल? सोमवारी आमचं दुकान बंद असतं. मी आपला घरून बोलतोय."

चिगुसानं फोन खाली ठेवला. साया तिच्या मांडीवर चढली. पोरीच्या केसांना आजारपणाचा, पेजेचा वास होता. त्यात नाक खुपसून चिगुसा एकेक गोष्ट जागेवर ठेवत गेली. सरांनी मोची रविवारी सकाळी घेतली, म्हणजे रविवारी दुपारी ते इथे पोचू शकत होते. मग 'आज सकाळी' कशाला म्हणायचं? रविवारी दुपारनंतर कचेरीची किल्ली हामुरोबाईंच्या गळ्यात, तिची स्वतःची इथे, सायाच्या औषधाशेजारी. उरली एक. बाहेरचे पहारेकरी सरांना ओळखत नव्हते, ते येऊन गेल्याचं कुणाला कळलं नसतं. पण त्यांच्या नजरेखालून नळी बाहेर गेली नसती. म्हणजे ती इमारतीतच होती. आणि चिखलाशी आयुष्य काढलेला माणूस ती कुठल्यातरी कोरड्या कपाटात टाकून तडकू देणार नाही. तिला गारवा हवा, ओल हवी.

म्हणजे ती शीतखोलीतच होती. आणि त्या खोलीत सगळ्यांनी सगळं धुंडाळलं होतं, एक पडदा सोडून.

याच माणसानं तिला पहिल्यांदा नळी कशी धरायची ते शिकवलं होतं. "तान्ह्या बाळासारखी," म्हणाले होते. चिगुसाचे डोळे भरून आले. तिनं ते बाहीनं पुसले आणि उरलेली मोची विस्तवावर भाजायला ठेवली. भाजल्यावर ती फुगली, मऊ झाली. सायानं सगळी खाल्ली.

६

बैठकीत सगळे गोल बसले होते. नारुसे, मिनेगिशी, हामुरोबाई, विभागातले बाकीचे. त्सुकुदासरांनी प्रेमानं मान हलवली. "हातानोबाईंना काही सांगायचंय."

चिगुसा उभी राहिली. सगळ्यांच्या नजरा आपसूक खाली गेल्या. दुसऱ्याची मान लवताना बघायची नसते.

तिनं मान लववली नाही.

"मी माफी मागणार नाही," ती म्हणाली. "नळी रविवारी दुपारपर्यंत जागेवर होती. ती बघणारा साक्षीदार या खोलीत आहे."

"मी आहे," नारुसे म्हणाले. "मी तिथे जेवणाचे डबे ठेवले होते." हामुरोबाईंनी तोंडावर हात घेतला. नारुसे ताठ बसून राहिले.

"नळी इमारतीबाहेर गेलेली नाही. ती शीतखोलीत आहे, सगळ्यात खालच्या फळीवर, राखाडी पडद्यामागे. सर, मला तुमचा पडदा उघडायचाय."

मागून कुणीतरी कुजबुजलं, "शोभतं का हे?"

"नाही शोभत," चिगुसा म्हणाली. "न केलेल्या चुकीसाठी वाकणं मला शोभलं असतं का? आमचं पोर आजारी पडलं की आमची विद्या आजारी पडते, असं तुम्ही सगळ्यांनी एका सकाळीत ठरवून टाकलंत. पुराव्याविना. आपण पुराव्यावर जगणारी माणसं ना?"

"चिगुसाबाई," सर हळूच म्हणाले, "मी कानाझावाला होतो."

"रविवारी सकाळपर्यंत. मोची त्या दिवशीची होती, सर. सोमवारी ते दुकान बंद असतं. चोरी करून परतणाऱ्या माणसालाही रिकाम्या हातांनी यायचा धीर झाला नाही. आणि कडक लागली तरी तोंडावर बोलायचा आम्हाला धीर झाला नाही. आपण सगळे सारखेच."

त्सुकुदासरांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू विझलं.

"पडदा उघडायची गरज नाही," ते शेवटी म्हणाले. "नळ्यांच्या चळतीत वरून दुसरी. ओल्या कापडात गुंडाळली आहे. तडा गेलेला नाही."

"फेकून का नाही दिलीत?" नारुसेंनी विचारलं.

"नाही फेकवली." सरांचा आवाज एकदम म्हातारा झाला. "तरुण होतो तेव्हा पालिकेनं मला विचारलं, समुद्र कुठवर येऊ शकतो? मी नकाशावर एक रेघ मारली. रेघेपलीकडे बांधा, खुशाल बांधा म्हणालो. माझ्या शब्दावर लोकांनी घरं बांधली. हातानोबाईंची वाळू त्या रेघेच्या आत नाही, पलीकडे आहे. मार्चमध्ये मी निवृत्त होतोय. तेवढेच महिने मागत होतो. मग मीच काढून दिली असती. आताही विचारतो, मार्चपर्यंत थांबाल?"

चिगुसाला त्यांची दया आली. तरीही ती म्हणाली, "मी थांबेन, सर. समुद्र थांबेल का?"

मिनेगिशी उठले, दार उघडून धरलं, आणि सगळे शीतखोलीकडे चालू लागले. सर सगळ्यांत मागे.

७

त्सुकुदासरांनी त्याच आठवड्यात खोली रिकामी केली. जाण्याआधी त्यांनी पालिकेला आपली रेघ चुकल्याचं कळवलं, असं हामुरोबाई म्हणाल्या. पालिकेचं उत्तर आलं नव्हतं. चिगुसाच्या कराराबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं. वऱ्हांड्यात समोरून येणारे दोघे-तिघे आता जिना बदलत. नारुसे मात्र तिचा लेख वाचून पानोपानी तांबड्या शाईचे वार करून परत पाठवत होते. ती तितक्याच तिखट उत्तरांनी ते परतवत होती.

रविवारी बालवाडी बंद, म्हणून ती सायाला घेऊन प्रयोगशाळेत आली. लेखासाठी नळीची छायाचित्रं काढायची होती. खिडकीतून स्वच्छ ऊन येत होतं. साया स्टुलावर चढली, हनुवटी टेबलाच्या कडेवर टेकवली आणि चिखलाकडे बघू लागली.

"हे काळं काय?"

"तळ्यातला गाळ. पानं, धूळ. हळूहळू बसलेला."

"आणि हे पांढरं?"

"ही वाळू. एक दिवस समुद्र खूप मोठा झाला आणि इथवर चालत आला. त्यानं ती इथे ठेवली."

सायानं बोट पुढे केलं, पण शिवलं नाही. पट्ट्याच्या अगदी वर, हवेत धरून ठेवलं.

"तेव्हा इथे घरं होती?"

"असतील."

"मुलं?"

"मुलंही असतील."

सायानं मान वळवून आईकडे पाहिलं.

"मग त्यांना कुणी सांगितलं नाही?"